ग्रेडलमध्ये प्रोजेक्टचे नाव: ते कुठे ठरते, कसे वाचावे आणि कुठे कोणते दाखवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. अनेक सबप्रोजेक्ट असलेल्या एका ग्रेडल बिल्डमध्ये (ग्रेडल म्हणजे कोडपासून चालवण्याजोगा प्रोग्राम बांधणारे साधन, आणि ते बांधणे म्हणजे बिल्ड) प्रत्येक टास्कबरोबर, म्हणजे बिल्डमधील एकेका कामाबरोबर, त्या प्रोजेक्टचे नाव कन्सोलवर छापायचे आहे, तेच नाव जार फाइलच्या (जावाचा तयार कोड एकत्र बांधलेल्या फाइलच्या) नावात आणायचे आहे आणि ॲप्लिकेशन सुरू होताना पहिल्या ओळीत दाखवायचे आहे. प्रत्यक्षात एका ठिकाणी प्रोजेक्टऐवजी टास्कचेच नाव छापले जाते, दुसऱ्या ठिकाणी नावाभोवती कोलन आणि अवतरणचिन्हे येतात आणि सीआय सर्व्हरवर (कोड आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या सर्व्हरवर) तयार झालेल्या जारचे नाव स्वतःच्या मशीनवरील जारशी जुळत नाही. वैतागून बिल्ड स्क्रिप्टमध्ये नाव बदलायला गेले, तर ही प्रॉपर्टी फक्त वाचता येते अशी एरर मिळते. ही चार लक्षणे निरनिराळी दिसली तरी त्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, तो म्हणजे प्रोजेक्टला एकच नाव असते असे धरून चालणे. ग्रेडल प्रत्येक प्रोजेक्टला तीन ओळखी देतो, त्या तिघींची कामे वेगळी आहेत आणि एकीच्या जागी दुसरी वापरली की गडबड होते.

पुढे मी प्रॉपर्टींची नावे देवनागरीत लिहीत आहे. स्क्रिप्टमध्ये ती अर्थातच ग्रेडलच्या मूळ रोमन स्पेलिंगने लिहावी लागतात.

समजा रूट प्रोजेक्टचे नाव 'लेजर' आहे आणि त्यात `सर्व्हिसेस` फोल्डरच्या आत `बिलिंग` नावाचा सबप्रोजेक्ट आहे. या सबप्रोजेक्टचे `नेम` केवळ 'बिलिंग' असते. त्याचा `पाथ` ':सर्व्हिसेस:बिलिंग' असतो, म्हणजे रूटपासून त्याच्यापर्यंतचा पत्ता. आणि त्याचे `डिस्प्लेनेम` "प्रोजेक्ट ':सर्व्हिसेस:बिलिंग'" असे असते, शब्द, कोलन आणि अवतरणचिन्हांसकट. रूट प्रोजेक्टच्या बाबतीत `नेम` 'लेजर', `पाथ` नुसता एक कोलन आणि `डिस्प्लेनेम` "रूट प्रोजेक्ट 'लेजर'". इथे एक विसंगती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सबप्रोजेक्टच्या `डिस्प्लेनेम`मध्ये पाथ येतो, पण रूटच्या `डिस्प्लेनेम`मध्ये नाव येते, त्यामुळे ही मजकुराची ओळ कापून तिच्यातून नाव काढण्याचा उद्योग कोणी करू नये. `डिस्प्लेनेम` माणसाने वाचण्यासाठी आहे, `पाथ` बिल्डच्या आत प्रोजेक्ट नेमका ओळखण्यासाठी आहे आणि `नेम` बिल्डबाहेर पडणाऱ्या वस्तूंना, म्हणजे जार, स्टार्ट स्क्रिप्ट, प्रकाशित मॉड्यूल यांना, मूळ शब्द पुरवण्यासाठी आहे.

आता नाव कुठे ठरते ते पाहू. ग्रेडलची बिल्ड तीन टप्प्यांत चालते: आधी इनिशियलायझेशन, मग कॉन्फिगरेशन आणि शेवटी एक्झिक्युशन. पहिल्या टप्प्यात सेटिंग्ज फाइल वाचली जाते आणि तिच्यातील नोंदींवरून प्रोजेक्टची सारी झाडावळ उभी राहते. प्रोजेक्टची स्वतःची बिल्ड स्क्रिप्ट चालू होते तोपर्यंत त्याचे नाव, पाथ आणि फोल्डर हे तिन्ही पक्के झालेले असतात. म्हणूनच बिल्ड स्क्रिप्टमध्ये `नेम = 'काहीतरी'` असे लिहिले की एरर येते. नाव बदलायचे असेल तर ते सेटिंग्ज फाइलमध्येच बदलावे लागते. ही सक्ती नव्याने ग्रेडलकडे वळलेल्यांना जाचक वाटते, पण तिच्यामुळेच नाव हा बिल्डमधला सर्वांत भरवशाचा तपशील ठरतो. याचा फायदा कुठे होतो ते पुढे येईलच.

रूट प्रोजेक्टचे नाव सेटिंग्ज फाइलमध्ये `रूटप्रोजेक्ट.नेम = 'लेजर'` असे एका ओळीत लिहिता येते. ही ओळ नसली तरी बिल्ड चालते, आणि सीआयवरच्या तक्रारीचे उत्तर नेमके इथे आहे. नाव दिलेले नसेल तर ग्रेडल ज्या फोल्डरमध्ये रूट प्रोजेक्ट आहे त्या फोल्डरचे नाव उचलतो. तुमच्या मशीनवर फोल्डर 'लेजर' आहे म्हणून जार 'लेजर' या नावाने तयार होते, सहकाऱ्याने 'लेजर-नवे' या फोल्डरात क्लोन केले की त्याची जार त्या नावाची होते आणि सीआयने कोड 'वर्कस्पेस' किंवा एखाद्या आकडेवजा फोल्डरात काढला की तिथली जार भलत्याच नावाने बाहेर पडते. गिटची वर्कट्री (प्रत्येक ब्रँचसाठी वेगळे फोल्डर) वापरणाऱ्यांना तर प्रत्येक ब्रँचगणिक वेगळे नाव मिळते. मी काम केलेल्या एका बिल्डमध्ये ही एक ओळ नव्हती. सीआयवरील फोल्डरची रचना बदलल्यावर नवी आवृत्ती रिपॉझिटरीत (तयार मॉड्यूल इतरांसाठी ठेवण्याच्या जागी) निराळ्याच नावाने प्रकाशित होत राहिली आणि वापरणाऱ्या टीमना जुनीच आवृत्ती मिळत राहिली. कुठेही एरर नव्हती, बिल्ड हिरवीच होती, त्यामुळे दोष शोधायला जेवढा वेळ लागला त्याच्या शतांशही ती ओळ लिहायला लागला नसता. तेव्हा इतर काही करण्याआधी आपल्या सेटिंग्ज फाइलमध्ये ही ओळ आहे का ते पाहावे. एकच प्रोजेक्ट असलेल्या छोट्या बिल्डलाही सेटिंग्ज फाइल ठेवावी आणि तिच्यात ही ओळ लिहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रेडल ७.० पासून टाइपसेफ प्रोजेक्ट ॲक्सेसर मिळतात, म्हणजे अवतरणचिन्हांत पाथ लिहिण्याऐवजी `प्रोजेक्ट्स.सर्व्हिसेस.बिलिंग` असे लिहिता येते. त्यासाठी सेटिंग्ज फाइलमध्ये हे फीचर मुद्दाम चालू करावे लागते. ते चालू असेल आणि रूटचे नाव दिलेले नसेल, तर ग्रेडल स्वतःच इशारा देतो की वेगवेगळ्या फोल्डरांत कोड काढल्यास निर्माण होणारा कोड बदलेल आणि कॅशिंगचा उपयोग राहणार नाही. याच ॲक्सेसरसंबंधी आणखी एक गोष्ट अशी की ते नावातील जोडरेघ काढून पुढचे अक्षर कॅपिटल करतात. त्यामुळे रोमन लिपीत जोडरेघेने लिहिलेले आणि उंटाच्या कुबडांसारखे मध्येच कॅपिटल अक्षर घालून लिहिलेले असे एकाच शब्दाचे दोन प्रोजेक्ट शेजारी शेजारी असतील, तर दोघांचा ॲक्सेसर एकच होतो आणि बिल्ड तिथेच थांबते. नावे देताना सगळीकडे लहान अक्षरे आणि जोडरेघ हीच एक पद्धत ठेवली तर हा प्रश्न उद्भवत नाही.

सबप्रोजेक्टची नावे `इन्क्लूड`च्या ओळीतून येतात. `इन्क्लूड(':सर्व्हिसेस:बिलिंग')` लिहिले की दोन प्रोजेक्ट तयार होतात, कारण वाटेतला ':सर्व्हिसेस' हाही एक पूर्ण प्रोजेक्ट मानला जातो, मग त्या फोल्डरात बिल्ड स्क्रिप्ट असो वा नसो. यादी छापल्यावर हा रिकामा प्रोजेक्ट का दिसतो असे पुष्कळ जण विचारतात. तो नको असेल तर `इन्क्लूड(':बिलिंग')` लिहावे आणि पुढच्या ओळीत `प्रोजेक्ट(':बिलिंग').प्रोजेक्टडिर` या प्रॉपर्टीला खरे फोल्डर नेमून द्यावे. पाथ आणि फोल्डर यांचे नाते केवळ संकेताचे आहे, सक्तीचे नाही. सेटिंग्ज फाइलमध्ये याच पद्धतीने `प्रोजेक्ट(':बिलिंग').नेम` बदलताही येते, पण नाव बदलताक्षणी पाथही बदलतो, त्यामुळे त्याच फाइलमध्ये खालच्या ओळींत आणि इतर सर्व स्क्रिप्टमध्ये नवा पाथ लिहावा लागतो. नावात तिरपी रेघ, उलटी तिरपी रेघ, कोलन, कोनकंस, दुहेरी अवतरणचिन्ह, प्रश्नचिन्ह, तारा आणि उभी रेघ चालत नाही, कारण नावाचे पुढे फाइलनाव होते आणि ही चिन्हे सर्व फाइल सिस्टिमना पचत नाहीत.

आता वाचण्याकडे वळू. "प्रोजेक्टऐवजी टास्कचे नाव छापले जाते" ही तक्रार मी सर्वाधिक वेळा ऐकली आहे आणि तिचे कारण अगदी साधे आहे. बिल्ड स्क्रिप्टच्या सर्वांत वरच्या पातळीवर नुसते `नेम` लिहिले तर प्रोजेक्टचे नाव मिळते, कारण तिथे स्क्रिप्टचा 'मी' म्हणजे प्रोजेक्ट असतो. पण `टास्क्स.रजिस्टर('माहिती')` या ब्लॉकच्या आत गेलो की 'मी' म्हणजे टास्क होतो, आणि टास्कलाही `नेम` आहेच. म्हणून आत `प्रिंटएलएन नेम` लिहिले की 'माहिती' छापले जाते. हीच गत `पॉम` ब्लॉकमध्ये होते. तिथे `नेम` म्हणजे मेव्हनच्या (ग्रेडलसारख्याच दुसऱ्या बिल्ड साधनाच्या) पॉम या वर्णन फाइलमधील वाचनीय नाव असते, त्यामुळे `नेम = नेम` असे लिहिणारा माणूस त्या प्रॉपर्टीला तिचीच किंमत द्यायला निघालेला असतो. उपाय एकच, तो म्हणजे कोणत्याही ब्लॉकच्या आत नुसते `नेम` न लिहिता `प्रोजेक्ट.नेम` असे पूर्ण लिहिणे. चार अक्षरे वाचवून काही मिळत नाही. `सबप्रोजेक्ट्स` ब्लॉकच्या आत मात्र `नेम` आणि `प्रोजेक्ट.नेम` ही दोन्ही त्या त्या सबप्रोजेक्टचीच नावे देतात. सर्वांना सामाईक असे रूटचे नाव हवे असेल तर `रूटप्रोजेक्ट.नेम` लिहावे.

ग्रेडलच्या स्क्रिप्ट ग्रूव्ही किंवा कॉटलिन या भाषांत लिहिता येतात. यानंतरचा सापळा ग्रूव्हीकडून कॉटलिनकडे स्क्रिप्ट नेणाऱ्यांसाठी आहे आणि तो इतका बेमालूम आहे की कोड तपासणाऱ्यांच्याही नजरेतून सुटतो. ग्रूव्हीत दुहेरी अवतरणचिन्हांच्या आत डॉलरचे चिन्ह देऊन `प्रोजेक्ट.नेम` लिहिले, तर टिंबापुढचा भागही त्याच पदावलीचा समजला जातो आणि 'बिलिंग' मिळते. कॉटलिनमध्ये मात्र महिरपी कंस दिले नाहीत तर डॉलरची हद्द पहिल्या शब्दापाशीच संपते. तिथे `प्रोजेक्ट` या वस्तूचे मजकुरात रूपांतर होते आणि '.नेम' ही अक्षरे जशीच्या तशी मागे चिकटतात. हाती येते ते असे: "प्रोजेक्ट ':सर्व्हिसेस:बिलिंग'.नेम". प्रश्नातील कोलन आणि अवतरणचिन्हांचे मूळ बहुधा हेच असावे. शेवटी '.नेम' दिसत असेल तर शंकाच नको. ते दिसत नसेल, तर कुठेतरी `प्रोजेक्ट.नेम`ऐवजी नुसते `प्रोजेक्ट` मजकुरात घातले गेले आहे, कारण प्रोजेक्टचे मजकुरी रूप म्हणजे त्याचे `डिस्प्लेनेम`. ग्रूव्हीतील एकेरी अवतरणचिन्हांत डॉलरला काहीच अर्थ नसतो आणि लिहिलेला मजकूर तसाच छापला जातो, हेही जाता जाता नोंदवतो.

असे `डिस्प्लेनेम` किंवा `पाथ` फाइलच्या नावात शिरले तर काय होते? लिनक्सवर काहीच होत नाही, आणि हीच खरी अडचण आहे. तिथे कोलन असलेले फाइलनाव निमूटपणे तयार होते. विंडोजवर कोलन चालत नाही, त्यामुळे तीच बिल्ड तिथे मोडते आणि एररमध्ये मात्र एखादा अवैध पाथ एवढेच लिहून येते. एका टीममध्ये रिपोर्टच्या फाइलनावात असा पाथ गेला होता. सगळे लिनक्सवर होते, एक जण विंडोजवर आला आणि दोन दिवस त्याच्याच मशीनमध्ये काही बिघाड आहे असे सर्वांनी धरून चालले. सबप्रोजेक्टनुसार निराळे फाइलनाव हवे असेल आणि `नेम` पुरेसे वेगळे नसेल, तर पाथमधील सुरुवातीचा कोलन काढून उरलेल्यांच्या जागी जोडरेघ घालावी, म्हणजे 'सर्व्हिसेस-बिलिंग' मिळते. रूटचा पाथ नुसता कोलन असल्यामुळे या रूपांतरात तो रिकामा होतो. त्याची वेगळी सोय केली नाही तर '.जार' एवढ्याच नावाची फाइल बघायला मिळते.

टास्कमध्ये नाव केव्हा वाचले जाते यालाही महत्त्व आहे. `डूलास्ट` ब्लॉक एक्झिक्युशनच्या टप्प्यात चालतो. पूर्वी त्याच्या आत `प्रोजेक्ट.नेम` लिहिले तरी चालत असे. कॉन्फिगरेशन कॅशे (कॉन्फिगरेशनचा निकाल साठवून पुढच्या वेळी तो टप्पा गाळणारी सोय) चालू असेल तर मात्र एक्झिक्युशनच्या वेळी टास्कमधून प्रोजेक्टला हात लावणे निषिद्ध आहे, कारण कॅशेतून बिल्ड सुरू होते तेव्हा प्रोजेक्टची वस्तू उभारलेलीच नसते. म्हणून नाव आधीच एका स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्यावे, जसे `डेफ प्रोजेक्टचेनाव = प्रोजेक्ट.नेम`, आणि `डूलास्ट`मध्ये ते व्हेरिएबल वापरावे. स्वतःचा टास्क क्लास लिहीत असाल तर त्याला मजकुराची एक इनपुट प्रॉपर्टी द्यावी आणि नोंदणीच्या वेळी तिच्यात नाव भरावे. हा मार्ग अधिक चांगला, कारण मग नाव बदलले की टास्क पुन्हा चालवायला हवा हे ग्रेडलला आपोआप कळते.

एका प्रोजेक्टमधून दुसऱ्याची माहिती वाचताना वर म्हटलेला भरवसा कामी येतो. दुसऱ्या प्रोजेक्टचे `नेम` आणि `पाथ` केव्हाही वाचा, ते बरोबरच मिळतील, कारण ते पहिल्याच टप्प्यात ठरलेले आहेत. `व्हर्जन` (आवृत्ती) आणि `ग्रुप` (मॉड्यूल ज्या गटातले त्याचे नाव) यांचे तसे नाही. ती दोन्ही सहसा बिल्ड स्क्रिप्टमध्ये भरली जातात, आणि त्या प्रोजेक्टची स्क्रिप्ट अजून चाललेली नसेल तर `व्हर्जन`ऐवजी 'अनस्पेसिफाइड' हा शब्द हाती येतो. जारच्या नावात किंवा छापील ओळीत हा शब्द दिसला की समजावे, कोणीतरी आवृत्ती ठरण्याआधीच वाचली. स्वतःच्याच स्क्रिप्टमध्येही `व्हर्जन` भरण्याच्या वरच्या ओळीत ती वाचली तर हेच होते.

जारच्या नावाविषयी सांगायचे तर ग्रेडल ते मूळ नाव, ॲपेंडिक्स, आवृत्ती आणि क्लासिफायर या क्रमाने जोडरेघांनी सांधतो आणि मूळ नाव `प्रोजेक्ट.नेम` असते. ते बदलण्यासाठी `बेस` ब्लॉकमधील `आर्काइव्ह्जनेम` ही प्रॉपर्टी आहे. जुन्या लेखांत दिसणारी `आर्काइव्ह्जबेसनेम` कालबाह्य झाली आहे. पण इथे एक बारकावा आहे. `आर्काइव्ह्जनेम` बदलल्याने डिस्कवरील फाइलचे नाव बदलते, मेव्हन रिपॉझिटरीत प्रकाशित होणाऱ्या मॉड्यूलचे नाव बदलत नाही. प्रकाशनाची `आर्टिफॅक्टआयडी` स्वतंत्रपणे `प्रोजेक्ट.नेम`वरूनच घेतली जाते आणि ती बदलायची तर प्रकाशनाच्या ब्लॉकमध्येच बदलावी लागते. ॲप्लिकेशन प्लगिनही स्टार्ट स्क्रिप्टचे नाव `प्रोजेक्ट.नेम`वरून घेतो आणि तेवढ्यावर थांबत नाही. त्या स्क्रिप्टला जेव्हीएमचे (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेचे) पर्याय देणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही त्याच नावावरून बनतो: नावाची अक्षरे कॅपिटल होतात, जोडरेघेच्या जागी अंडरस्कोअर येते आणि शेवटी 'ऑप्ट्स' जोडले जाते. प्रोजेक्टचे नाव बदलले, की सर्व्हरवर कोणीतरी जुन्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये लिहून ठेवलेली मेमरीची मर्यादा गपचूप निकामी होते. ॲप्लिकेशन सुरू होते, फक्त डिफॉल्ट मेमरीवर. नाव बदलताना हा व्हेरिएबल हमखास विसरला जातो.

एकाच नावाचे दोन सबप्रोजेक्ट वेगवेगळ्या पालकांखाली ठेवता येतात, उदाहरणार्थ ':यूआय:कोअर' आणि ':डेटा:कोअर'. पाथ वेगळे असल्यामुळे ग्रेडल त्यांना हरकत घेत नाही. अडचण येते ती डिपेंडन्सी (प्रोजेक्ट ज्यांवर अवलंबून आहे ती मॉड्यूल) सोडवताना, कारण तिथे मॉड्यूलची ओळख ग्रुप आणि नाव यांच्या जोडीवरून ठरते. ग्रुप मुद्दाम दिलेला नसेल तर तो पालकाच्या पाथवरून बनतो, म्हणजे एकाचा 'लेजर.यूआय' आणि दुसऱ्याचा 'लेजर.डेटा', आणि दोघे वेगळे राहतात. पण बहुतेक टीम `ऑलप्रोजेक्ट्स` ब्लॉकमध्ये सर्वांना एकच ग्रुप देऊन मोकळ्या होतात आणि नकळत हे संरक्षण काढून घेतात. मग ग्रेडलच्या दृष्टीने ही एकाच मॉड्यूलची दोन रूपे ठरतात, त्यांतले एक गळते आणि क्लास सापडत नाही अशी किंवा चक्राकार डिपेंडन्सीची, कारणाशी काडीचाही संबंध नसलेली एरर समोर येते. त्यातून वाचलोच तर दोघांच्या जार 'कोअर-१.०' याच नावाने एका फोल्डरात जाऊन एकमेकींवर आदळतात. मी अशा ठिकाणी सरळ 'यूआय-कोअर' आणि 'डेटा-कोअर' अशी नावे देतो. पाथमध्ये थोडी पुनरुक्ती होते, ती परवडते.

आता दाखवण्याविषयी. कन्सोलवर प्रत्येक टास्कबरोबर प्रोजेक्टचे नाव छापण्याची मुळात गरज आहे का, हा माझा पहिला प्रश्न असेल. ग्रेडल स्वतःच प्रत्येक टास्कच्या आउटपुटच्या माथ्यावर टास्कचा पूर्ण पाथ छापतो, जसे ':सर्व्हिसेस:बिलिंग:माहिती', आणि समांतर बिल्डमध्येही एका टास्कच्या ओळी एकत्र ठेवतो. तरीही छापायचेच असेल तर `पाथ` छापावा, कारण दोन 'कोअर' असताना नुसत्या `नेम`वरून काहीच कळत नाही. संपूर्ण वाक्यात, विशेषतः स्वतः घडवलेल्या एररच्या मजकुरात, `डिस्प्लेनेम` शोभते, कारण ते तयार शब्दप्रयोगासारखे वाक्यात बसते. `प्रिंटएलएन`ऐवजी लॉगरची `लाइफसायकल` पातळी वापरावी, म्हणजे शांत मोडमध्ये बिल्ड चालवणाऱ्याला या ओळी दिसणार नाहीत. `प्रिंटएलएन`च्या ओळी शांत मोडमध्येही छापल्या जातात.

ॲप्लिकेशनच्या पहिल्या ओळीत नाव दाखवण्याचे दोन रूढ मार्ग आहेत. एक म्हणजे जारच्या मॅनिफेस्टमध्ये 'इम्प्लिमेंटेशन टायटल' या नोंदीत नाव भरणे आणि जावामधील `पॅकेज` या क्लासकडून ते वाचणे. यात उणीव अशी की आयडीईतून (कोड लिहिण्याच्या ॲपमधून) थेट क्लास फाइल चालवल्या, तर मॅनिफेस्टच नसतो आणि नल, म्हणजे रिकामी किंमत, मिळते, त्यामुळे पर्यायी मजकूर तयार ठेवावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे रिसोर्स फाइलमध्ये जागा सोडून `प्रोसेसरिसोर्सेस` टास्कच्या `एक्स्पांड`ने ती भरणे. तो आयडीईतही बहुधा चालतो, पण नाव त्या टास्कचे इनपुट म्हणून मुद्दाम नोंदवावे, कारण ग्रेडल नोंदवलेल्या इनपुटवरूनच टास्क जुना झाला का ते ठरवतो. शिवाय `एक्स्पांड` ग्रूव्हीचे टेम्प्लेट इंजिन वापरतो. त्याच फाइलमध्ये दुसऱ्या कारणाने डॉलरचे चिन्ह असेल तर तो त्यालाही हात घालतो. म्हणून भरायच्या ओळींसाठी वेगळी छोटी प्रॉपर्टीज फाइल ठेवणे सोयीचे. ग्राहकांना दिसणारे नाव मात्र `प्रोजेक्ट.नेम`वरून घेऊच नये. ते मार्केटिंगच्या मर्जीने बदलणार, त्यात मोकळी जागा आणि विरामचिन्हे येणार. ते वेगळ्या प्रॉपर्टीत ठेवावे. प्रोजेक्टच्या `डिस्क्रिप्शन`मध्ये एक ओळीचे वर्णन लिहून ठेवले तर `प्रोजेक्ट्स` टास्कच्या यादीत प्रत्येक नावापुढे ते दिसते. नवख्या सहकाऱ्याला त्या यादीचा फार उपयोग होतो.

दुसरी बिल्ड `इन्क्लूडबिल्ड`ने जोडली असेल तर आणखी एक फरक पडतो. आतल्या बिल्डमधील प्रोजेक्टचा `पाथ` ':कोअर' असाच राहतो, पण कन्सोलवर त्याच्याआधी त्या बिल्डचे नाव लागते, जसे ':युटिल्स:कोअर'. हे पुढचे नाव जोडलेल्या बिल्डच्या `रूटप्रोजेक्ट.नेम`वरून येत नाही, तर तिच्या फोल्डरवरून येते, आणि जोडतानाच ते वेगळे देता येते. कन्सोलवर दिसतो तोच पूर्ण पत्ता हवा असेल तर नव्या आवृत्त्यांत `बिल्डट्रीपाथ` ही प्रॉपर्टी आहे. डिपेंडन्सीच्या बदल्यात आतला प्रोजेक्ट बसवताना मात्र ग्रेडल पुन्हा ग्रुप आणि नाव यांचीच जोडी पाहतो, म्हणून तिथे नावातील एका अक्षराच्या फरकाने स्थानिक कोडऐवजी रिपॉझिटरीतील जार उचलली जाते.

मेव्हनच्या सवयीने आलेल्यांचा गोंधळ होतो, कारण तिथे `नेम` म्हणजे केवळ वाचनीय नाव आणि ओळख म्हणजे `आर्टिफॅक्टआयडी`. बिल्डच्या शेवटी येणाऱ्या सारांशात `नेम` दिसते, ते नसेल तर `आर्टिफॅक्टआयडी`. ग्रेडलमधील `नेम` हे त्या `आर्टिफॅक्टआयडी`च्या जागी आहे, त्या `नेम`च्या नव्हे. सीमेक हे आणखी एक बिल्ड साधन वापरणाऱ्यांना उलट हे लवकर पटते, कारण तिथेही जवळच्या प्रोजेक्टचे नाव आणि सर्वांत वरच्या प्रोजेक्टचे नाव देणारे दोन वेगळे व्हेरिएबल असतात.

तुमच्या बिल्डपुरते सांगायचे तर आधी रूटचे नाव सेटिंग्ज फाइलमध्ये लिहा, मग `प्रोजेक्ट्स` टास्क चालवून यादी पाहा आणि ज्या सबप्रोजेक्टबद्दल शंका आहे त्याच्यासाठी `:सर्व्हिसेस:बिलिंग:प्रॉपर्टीज` चालवून `नेम`, `पाथ`, `डिस्प्लेनेम`, `ग्रुप` आणि `व्हर्जन` या पाच ओळी तपासा. आधीच प्रकाशित झालेल्या मॉड्यूलचे नाव यात बदलावे लागत असेल, तर प्रकाशनाच्या ब्लॉकमध्ये जुनी `आर्टिफॅक्टआयडी` आणि ॲप्लिकेशनच्या ब्लॉकमध्ये जुने स्क्रिप्टनाव स्पष्ट लिहून ठेवा, म्हणजे बिल्डच्या आतले नाव सुधारले तरी बाहेर अवलंबून असलेल्यांना त्याची झळ लागणार नाही.